तारे कळले, पण पायाखालचं कसं कळलं? पृथ्वीच्या गाभ्याचा पुरावा नक्की काय?

उंबरठा

शाळेतलं चित्र सगळ्यांना आठवत असेल. पृथ्वीचा कापलेला गोळा, आत पिवळा, मग नारिंगी, वर तपकिरी रेघ. नावं लिहा, गुण घ्या: भूकवच, प्रावरण, बाह्यगाभा, अंतर्गाभा. बाह्यगाभा द्रव लोखंडाचा, अंतर्गाभा घन लोखंडाचा. हे बघितलं कोणी, असं वर्गात कोणी विचारत नाही.

आता आकडे बघा. माणसाने खणलेलं सर्वांत खोल भोक रशियातल्या कोला द्वीपकल्पावर आहे. काम सुरू झालं मे १९७० मध्ये आणि १९८९ पर्यंत १२,२६२ मीटर गाठले. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. म्हणजे केंद्राच्या वाटेवर आपण ०.२ टक्केही गेलेलो नाही, आणि तेही वीतभर रुंदीच्या भोकातून. बरं, एवढं खणून अंदाज खरे निघाले म्हणावं, तर तेही नाही. तळाशी १०० अंश सेल्सियस तापमान धरलं होतं, निघालं १८०. ग्रॅनाइट संपून बेसाल्ट सुरू होईल असं भूकंपलहरींवरून सांगितलं होतं, तो बेसाल्ट भेटलाच नाही. मिळाला तो भेगाळलेला आणि पाण्याने भरलेला ग्रॅनाइटच.

दुसऱ्या बाजूला तारे. १८३५ मध्ये ओग्युस्त कोंत या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने ताऱ्यांची रासायनिक घडण माणसाला कधीच कळणार नाही असं लिहून ठेवलं. पंचवीस वर्षांत किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी वर्णपटातल्या काळ्या रेघा वाचायला शिकवलं आणि सूर्यात सोडियम, लोखंड आहे हे प्रयोगशाळेत बसून सांगता यायला लागलं. तिथून प्रकाश येतो, तो वाचता येतो, हे मला पटतं. पण दगडातून प्रकाश येत नाही.

तर प्रश्न सरळ आहे. काही किलोमीटर खालचा बेसाल्ट ज्यांना सांगता आला नाही, ते २,९०० किलोमीटर खालचं लोखंड इतक्या छातीठोकपणे कसं सांगतात? जाणकारांनी लिहावं. ‘गुगल करा’ असं सांगणाऱ्यांना आगाऊ धन्यवाद.

मृद्गंध

प्रश्न आवडला. वाचतेय.

लंबक

भूकंपांवर कोणीतरी लिहीलच, पण गोष्ट त्याच्या आधीची आहे. भूकंपमापक नव्हते तेव्हाही आत काहीतरी जड आहे हे माहीत होतं, कारण पृथ्वीचं वजन करून झालं होतं.

१७७४ मध्ये नेव्हिल मॅस्केलाइन यांनी स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगराशेजारी ओळंबा धरला. डोंगर ओळंब्याला किंचित स्वतःकडे खेचतो. तो कोन मोजला आणि डोंगराचं वस्तुमान काढलं की अख्ख्या पृथ्वीचं वस्तुमान तुलनेने काढता येतं. चार्ल्स हटन यांनी हिशेब केला: पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साधारण साडेचार पट. (डोंगराचं वस्तुमान काढताना सारख्या उंचीचे बिंदू रेघेने जोडायची युक्ती त्यांनी वापरली. आज नकाशावर दिसणाऱ्या समोच्च रेषांच्या सुरुवातीच्या वापरांपैकी हा एक.)

मग १७९८ मध्ये हेन्री कॅव्हेंडिश. प्रत्येकी १५८ किलोचे शिशाचे दोन गोळे, त्यांच्याजवळ बारीक तारेने टांगलेल्या दांडीच्या टोकांना दोन छोटे गोळे. मोठे गोळे छोट्यांना ओढतात आणि तारेला अगदी सूक्ष्म पीळ बसतो. हवेची झुळूकही नको म्हणून कॅव्हेंडिश स्वतः खोलीबाहेर उभा राहून दुर्बिणीतून वाचन घ्यायचा. त्याने छापलेला पृथ्वीच्या घनतेचा आकडा पाण्याच्या ५.४८ पट. आजचा आकडा ५.५१. दोनशेहून अधिक वर्षांत फरक पडला तो एवढाच.

आता पायाखालचा कुठलाही दगड घ्या. ग्रॅनाइट २.७, बेसाल्ट ३ च्या आसपास. वरचं सगळं तीनच्या आत आणि सरासरी मात्र साडेपाच, मग आत साडेपाचपेक्षा बरंच जड काहीतरी असल्याशिवाय हिशेब जुळत नाही. भोक पाडायची गरजच नाही.

तिरका डोळा

लंबकराव, यातून फक्त ‘आत जड आहे’ एवढंच निघतं. वरच्या दगडांच्या दाबाने खालचा दगड चेपला जाऊन घट्ट होत असेल, तर लोखंडाचा गाभा कशाला हवा? केंद्राकडे जाताना घनता हळूहळू वाढत गेली तरी सरासरी ५.५ येऊ शकते. शिवाय हॅलीसारखा खगोलशास्त्रज्ञ १६९२ मध्ये पृथ्वी आतून पोकळ आहे, एकात एक कवचं फिरताहेत, असं म्हणत होता. तोही काही ऐरागैरा नव्हता.

लंबक

हॅलीला पोकळी सुचली ती चुंबकसुईची दिशा वर्षागणिक सरकते याचं कारण शोधताना. निरीक्षण पक्कं होतं. कारण म्हणून पोकळ कवचं आली. कॅव्हेंडिशचा आकडा आल्यावर पोकळीला जागाच उरली नाही.

चेपण्याचा मुद्दा मात्र चांगला आहे आणि त्याला स्वतंत्र उत्तर आहे. वस्तुमान किती ते एक, आणि ते आत कसं वाटलंय ते दुसरं. दुसऱ्याचं माप म्हणजे जडत्व आघूर्ण. सगळीकडे सारख्या घनतेचा भरीव गोळा असेल तर त्याचा गुणक ०.४ येतो. सगळं वस्तुमान सालीत असेल तर ०.६७. पृथ्वीचा आहे ०.३३. म्हणजे वस्तुमान मध्याकडे गोळा झालंय.

हा आकडा कुठून आला? पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत आकाशात एक फेरी मारतो. विषुववृत्तावरच्या फुगवट्यावर (विषुववृत्तीय त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येपेक्षा २१ किलोमीटरने जास्त आहे) चंद्र-सूर्य ओढ लावतात, त्यामुळे हे होतं. किती ओढीला पृथ्वी किती वेगाने दाद देते यावरून आतली वाटणी कळते. आता उपग्रहांच्या कक्षांवरून फुगवट्याचा परिणाम काटेकोर मिळतो. या वाटणीवरून एमिल वीखर्ट या जर्मन भूभौतिकीतज्ज्ञाने १८९० च्या दशकातच म्हटलं की नुसत्या चेपलेल्या दगडाने हे भागत नाही, दगडाच्या आवरणात धातूचा गोळा हवा. अजून एकाही भूकंपलहरीने गाभा दाखवला नव्हता.

रेघोट्या

आता माझा विषय. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी उंबरठा यांच्या मुख्य आक्षेपाला उत्तर देते, कारण सगळी गोम तिथेच आहे. कोलामध्ये लहरी खोटं बोलल्या नव्हत्या. काही किलोमीटरवर लहरींचा वेग वाढतो, असं त्या सांगत होत्या आणि खडकाचा पोत त्या खोलीच्या आसपास खरंच बदलला. ‘वेग वाढला म्हणजे बेसाल्ट आला’ हे माणसांनी काढलेलं अनुमान होतं. प्रत्यक्षात तो उष्णता आणि दाबाने रूपांतरित झालेला ग्रॅनाइटी खडकच होता. लहर तुम्हाला वेग देते, दगडाचं नाव देत नाही. नाव द्यायला बाहेरचा पुरावा लागतो. हा फरक धरून ठेवला की पुढचं सगळं नीट लागतं.

भूकंप झाला की पृथ्वीच्या आतून दोन जातीच्या लहरी निघतात. प्राथमिक लहरीत खडक पुढे-मागे दाबला-ताणला जातो. दुय्यम लहरीत तो आडवा हलतो. पहिली वेगवान, म्हणून आधी पोहोचते. दुसरी मागून येते, आणि द्रवातून ती जातच नाही, कारण द्रवाला आडवं सरकवलं तर तो परत जागेवर यायला बघत नाही. टिचकी मारून मडकं पक्कं की चिरलेलं हे सांगावं, तसा हा धंदा आहे. टिचकी आपण मारत नाही, एवढंच.

या लहरी नोंदींमध्ये स्पष्ट वेगळ्या ओळखल्या रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी. ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होते. १२ जून १८९७ च्या आसामच्या प्रचंड भूकंपाचा त्यांनी अभ्यास केला आणि युरोपातल्या यंत्रांवर उमटलेल्या नोंदींत तीन वेगवेगळे टप्पे दाखवले: प्राथमिक, दुय्यम आणि पृष्ठभागावरून येणाऱ्या लहरी. १९०६ मध्ये त्यांनीच पुढचं पाऊल टाकलं. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला पोहोचणाऱ्या लहरींना अपेक्षेपेक्षा उशीर होतो, म्हणजे मध्ये काहीतरी वेगळं, लहरींना मंद करणारं आहे. गाभ्याचा लहरींवरून मिळालेला पहिला पुरावा हा.

१९०९ मध्ये झाग्रेबजवळ भूकंप झाला. आंद्रिया मोहोरोविचिच यांच्या लक्षात आलं की काही अंतरापलीकडे एकाच भूकंपाच्या प्राथमिक लहरी दोनदा येतात. एक वरून थेट, दुसरी खाली जाऊन, तिथल्या वेगवान खडकातून धावून परत वर. लांबचा रस्ता घेऊनही ती आधी पोहोचते. ही भूकवच आणि प्रावरण यांची सीमा. खंडांखाली साधारण ३० ते ५० किलोमीटरवर, हिमालय-तिबेटखाली ७० च्या घरात, महासागरांच्या तळाखाली फक्त सहा-सात किलोमीटरवर.

मग बेनो गुटेनबर्ग. भूकंपाच्या केंद्रापासून पृथ्वीच्या मध्याशी मोजलेला कोन सुमारे १०४ अंशांपेक्षा जास्त झाला की थेट प्राथमिक लहरी नाहीशा होतात आणि १४० अंशांच्या आसपास पुन्हा उगवतात. मधला पट्टा सावलीचा. सावली आहे म्हणजे अडवणारी वस्तू आहे, आणि सावलीच्या आकारावरून वस्तूचा आकार. १९१४ च्या सुमारास त्यांनी गाभ्याची खोली काढली: २,९०० किलोमीटर. आजचा आकडा २,८९०. कॅव्हेंडिशचं जे झालं तेच इथे.

द्रव की घन हा निकाल लागायला अजून वेळ गेला. १९२६ मध्ये हॅरोल्ड जेफ्रीज यांनी दाखवलं की भरती-ओहोटीच्या ओढीला पृथ्वी जेवढी वाकते, तेवढी ती वाकायला नको. प्रावरण भूकंपलहरींच्या हिशेबाने फार ताठ आहे. सरासरी ताठपणा खाली आणायचा तर गाभा द्रव असायला हवा. दुय्यम लहरी गाभ्यातून येत नाहीत, हे त्याच्याशी बरोबर जुळलं.

आणि इंगे लेहमान. माझं दैवत. डेन्मार्कमध्ये काम करणाऱ्या या बाईंनी १९२९ च्या न्यूझीलंडमधल्या भूकंपाच्या नोंदी तपासल्या. सावलीच्या पट्ट्यात काहीच यायला नको, पण बारीक लहरी येत होत्या. लोक त्यांना विखुरलेल्या लहरी म्हणून बाजूला सारत होते. त्यांनी १९३६ मध्ये म्हटलं की गाभ्याच्या आत आणखी एक गोळा आहे, त्यावरून लहरी परततात. शोधनिबंधाचं शीर्षक एका अक्षराचं आणि एका टिंबाएवढ्या चिन्हाचं. त्या १०४ वर्षं जगल्या.

हा आतला गोळा घन आहे हे पक्कं झालं १९७१ मध्ये. १९६० च्या चिलीतल्या ९.५ तीव्रतेच्या भूकंपाने अख्खी पृथ्वी कंप पावत राहिली होती, सर्वांत संथ कंपनाचा काळ ५४ मिनिटं. अशा कंपनांच्या आवर्तनांचं गणित अंतर्गाभा घन धरल्याशिवाय सुटत नाही.

थोडक्यात लहरींनी दिलं ते हे: कुठे सीमा आहे, कुठे द्रव आहे, कुठे घन आहे, कुठे किती घनता आहे. लोखंड हा शब्द यात मी एकदाही वापरलेला नाही.

अनवट

रेघोट्याताई, दंडवत. हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका.

मृद्गंध

एक शंका. प्रावरण म्हणजे लाव्हा ना? खदखदणारा, त्यावर भूखंड तरंगतात. मग दुय्यम लहरी तिथून जातात कशा?

चकमक

मृद्गंध, हाच तो पुस्तकातल्या नारिंगी रंगाचा प्रताप. प्रावरण घन आहे. दगड आहे. रंगाने बराचसा हिरवट: पेरिडोटाइट नावाचा खडक, त्यात मुख्यतः ऑलिव्हिन. दुय्यम लहरी २,८९० किलोमीटरपर्यंत बिनबोभाट जातात हाच तो घन असल्याचा पुरावा. खाली तापमान हजारो अंशांचं असलं तरी दाब इतका असतो की वितळायला जागा मिळत नाही.

मग ‘प्रवाह’ कसला? घन पदार्थ वाहू शकतो, फक्त फार सावकाश. हिमनदीतलं बर्फ घनच असतं आणि तरी उतारावरून वाहत येतं. प्रावरणाचा पुरावा हवा तर स्कँडिनेव्हिया बघा. हिमयुगात तिथे किलोमीटरभर-दोन किलोमीटर जाडीचं बर्फ होतं. त्याच्या वजनाने जमीन खचली होती. बर्फ जाऊन दहा हजार वर्षं झाली, जमीन अजून वर येतेय, बोथनियाच्या आखाताभोवती वर्षाला जवळपास एक सेंटीमीटर. खालचा दगड अजून परत जागेवर सरकतोय.

शिलारस येतो तो थोड्याच ठिकाणी. महासागराच्या मध्यात प्रस्तर (भूपृष्ठाचे सरकणारे मोठाले तुकडे) एकमेकांपासून दूर जातात, खालचा गरम खडक वर उचलला जातो, दाब कमी होतो आणि थोडा अंश वितळतो. किंवा एक प्रस्तर दुसऱ्याखाली घुसतो, सोबत पाणी नेतो, आणि पाण्यामुळे वरच्या खडकाचा वितळणबिंदू खाली येतो. म्हणजे ज्वालामुखीचा रस गाभ्यातून येतो हा समजही काढून टाका.

आणि उंबरठा, ‘कोणी बघितलं नाही’ हे पूर्ण खरं नाही. आपण खाली गेलो नाही, पण खालचं वर येतं. ज्वालामुखीच्या रसासोबत प्रावरणाचे तुकडे फेकले जातात. हिरे १५० ते २०० किलोमीटरवरून येतात, काही त्याहून खूप खोलून. २०१४ मध्ये ब्राझीलच्या एका हिऱ्याच्या पोटात रिंगवुडाइटचा कण सापडला. हे खनिज ५०० किलोमीटरच्या पुढच्या दाबातच टिकतं, आणि त्या कणात वजनाच्या एक टक्क्याहून जास्त पाणी होतं. (हे द्रव पाणी नव्हे, स्फटिकाच्या रचनेत बांधलेलं. ‘पृथ्वीच्या पोटात महासागर’ अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या, त्यावर जाऊ नका.)

अवांतर: कोलापेक्षा लांब विहिरी आता तेलवाल्यांनी खणल्यात, पण त्या आडव्या वळतात. उभ्या खोलीत कोलाच पुढे.

तिरका डोळा

ठीक. आत जड आहे, द्रव आहे, आणखी आत घन आहे. मान्य. पण रेघोट्या यांनीच म्हटलं की लहर नाव सांगत नाही. मग लोखंडच का? शिसं का नाही? सोनं का नाही? गाभ्यातून तर हिराही येत नाही.

धूमकेतू

इथे माझा नंबर. याचं उत्तर खाली नाही, वर आहे.

१३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व सुरू झालं तेव्हा पहिल्या काही मिनिटांत हायड्रोजन, हेलियम आणि लिथियमचा मागमूस एवढंच तयार झालं. वस्तुमानाने तीन चतुर्थांश हायड्रोजन, एक चतुर्थांश हेलियम. दगड करायला लागणारं काहीच नाही: ऑक्सिजन नाही, सिलिकॉन नाही, मॅग्नेशियम नाही, लोखंड नाही. हे सगळं नंतर ताऱ्यांनी शिजवलं.

ताऱ्याच्या पोटात हलकी अणुकेंद्रं जुळून जड होतात आणि ऊर्जा सुटते. पण लोखंडाच्या आसपास हा धंदा बंद पडतो. तिथे अणुकेंद्र सर्वांत घट्ट बांधलेलं असतं, पुढे जुळवायचं तर उलट ऊर्जा घालावी लागते. म्हणून लोखंडाच्या गटाशी माल साचतो. शिसं, सोनं, युरेनियम यांना खास परिस्थिती लागते (१७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वलहरी आणि प्रकाश दोन्ही पकडले गेले, तिथे अशा जड मूलद्रव्यांच्या निर्मितीची खूण मिळाली), त्यामुळे ती विश्वात फारच कमी आहेत. लोखंड जड धातूंमध्ये एकटंच भरपूर आहे. पृथ्वीच्या अर्ध्याहून जास्त त्रिज्येचा गाभा सोन्याने भरायला तेवढं सोनं आणायचं कुठून?

लोखंड बनताना आपण पाहिलंय, हे सांगायलाच हवं. अतिनवताऱ्यात (स्फोट होऊन फुटणाऱ्या ताऱ्यात) आधी निकेल-५६ बनतं, ते काही दिवसांत कोबाल्ट-५६ होतं आणि ते सावकाश लोखंड-५६. १९८७ मध्ये मोठ्या मॅगेलॅनिक मेघात, म्हणजे शेजारच्या एका छोट्या दीर्घिकेत, अतिनवतारा फुटला. त्यातून कोबाल्ट-५६ चे विशिष्ट गॅमा किरण नोंदवले गेले. दीड लाखाहून जास्त प्रकाशवर्षांवर लोखंड तयार होताना यंत्रांनी टिपलं. पायाखालच्या २,८९० किलोमीटरवरचं लोखंड मात्र अजून अनुमानाचं. उंबरठा, तुमच्या शीर्षकाला दाद.

आता मोजणी करा. सूर्यमाला ज्या ढगातून बनली त्याची पाककृती सूर्याच्या वर्णपटात आहे. (सेसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत हे दाखवलं, तेव्हा ज्येष्ठांना ते अशक्य वाटलं होतं.) काही दगडी अशनींची (अवकाशातून पृथ्वीवर पडलेल्या दगडांची) घडण, उडून जाणारे वायू सोडले तर, सूर्याशी जवळजवळ तंतोतंत जुळते. म्हणजे पृथ्वीचा कच्चा माल काय होता हे आपल्याला माहीत आहे. त्या मापाने अख्ख्या पृथ्वीत वस्तुमानाच्या ३२ टक्के लोखंड हवं. भूकवचात आहे ५ टक्के. प्रावरणाच्या खडकांतही थोडंच. बाकीचं गेलं कुठे?

जडत्व आघूर्ण म्हणतं, मध्ये काहीतरी जड आहे. लहरी म्हणतात, मध्ये दगडापेक्षा दुप्पट घनतेचा द्रव आहे. अशनी म्हणतात, लोखंडाचा हिशेब लागत नाही. तीन वेगळ्या वाटांनी आलेली माणसं एकाच दारावर थाप मारताहेत. शिवाय लोखंडी अशनी आहेतच: लोखंड-निकेलचे भरीव तुकडे, फुटलेल्या छोट्या ग्रहगोलांच्या गाभ्यांतून आलेले. लोखंड खाली बसतं हे इतरत्र घडून गेलेलं आहे, त्याचे नमुने हातात घेता येतात.

रेघोट्या

याला एक जोड. १९५२ मध्ये फ्रान्सिस बर्च यांनी प्रयोगशाळेतल्या दाबाच्या मोजमापांशी लहरींचे वेग ताडून पाहिले. गाभा लोखंडाच्या जवळ बसतो, पण बाह्यगाभा शुद्ध लोखंडापेक्षा थोडा हलका आहे. म्हणजे काहीतरी हलकं मिसळलंय: गंधक, सिलिकॉन, ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन. कोणतं किती, यावर आजही भांडणं आहेत.

त्याच लेखात बर्च यांनी एक खोचक तळटीप दिली आहे. पृथ्वीच्या पोटाबद्दलचे शब्द मोठ्या दाबाखाली असतात, साध्या दाबाला आणले की त्यांचा अर्थ बदलतो. ‘निश्चित’ म्हणजे शंकास्पद, ‘निःसंशय’ म्हणजे कदाचित, आणि ‘शुद्ध लोखंड’ म्हणजे सगळ्या मूलद्रव्यांचं अनिश्चित मिश्रण! छातीठोकपणाची तक्रार करणाऱ्यांनी ही टीप छापून भिंतीवर लावावी.

उंबरठा

ही टीप झकास. मला आता ‘कसं ठरवलं’ हे कळायला लागलंय. पुढचा प्रश्न: ४५० कोटी वर्षं झाली तरी आत गरम कसं? निवायला नको होतं का?

लंबक

याच प्रश्नाने लॉर्ड केल्व्हिनसारख्या माणसाची दांडी उडवली. त्याने १८६२ मध्ये पृथ्वी तप्त गोळ्यापासून निवत आली असं धरून वय काढलं: २ ते ४० कोटी वर्षं. पुढे ते २ ते ४ कोटींवर आणलं. भूवैज्ञानिक आणि डार्विनवाले हवालदिल झाले, कारण त्यांना कितीतरी जास्त काळ हवा होता.

सर्रास सांगितलं जातं की केल्व्हिनला किरणोत्सर्ग माहीत नव्हता म्हणून आकडा चुकला. मला हे उत्तर अर्धवट वाटतं. किरणोत्सर्गाची उष्णता त्याच्या गणितात घातली तरी आकडा फारसा हलत नाही. खरं बोट ठेवलं जॉन पेरी यांनी, १८९५ मध्ये, म्हणजे किरणोत्सर्गाच्या शोधाच्या आधी. पेरी हे केल्व्हिनचेच एके काळचे सहायक. ते म्हणाले, पृथ्वी आतून स्थिर घन धरू नका. आतला माल हलत असेल तर खोलची उष्णता सतत वर येत राहील आणि पृष्ठभाग तरुण भासेल. चकमक यांनी सांगितलेलं सावकाश वाहणारं प्रावरण ते हेच. तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

खरं वय आलं १९५६ मध्ये. क्लेअर पॅटरसन यांनी अशनींमधल्या शिशाच्या समस्थानिकांवरून ४५५ कोटी वर्षं काढली. त्यातही मुख्य नमुना लोखंडी अशनीचा.

चकमक

भर घालतो. आज पृथ्वीतून सुमारे ४७ टेरावॅट उष्णता बाहेर पडते. अंदाजे निम्मी युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांच्या क्षयातून, बाकी जन्मावेळची. हा विभागही नुसता कागदी नाही. त्या क्षयात प्रतिन्यूट्रिनो नावाचे, जवळजवळ कशालाच न अडणारे कण निघतात, ते अख्खी पृथ्वी पार करून वर येतात, आणि जपानमधल्या कामलँड यंत्राने २००५ मध्ये ते पकडल्याचं जाहीर केलं. ‘दगडातून प्रकाश येत नाही’ असं उंबरठा म्हणाले होते. प्रकाश नाही, पण हे येतं.

मृद्गंध

आणि चुंबक? गाभा लोखंडी म्हणून पृथ्वी चुंबक, असं सोपं आहे का?

रेघोट्या

नाही. लोखंड ७७० अंश सेल्सियसच्या वर कायमचं चुंबकत्व गमावतं, आणि गाभा चार-पाच हजार अंशांवर आहे. चुंबकत्व येतं ते वाहणाऱ्या विद्युतवाहक द्रवातून, म्हणजे बाह्यगाभ्यातल्या हालचालीतून. म्हणूनच ते बदलतं, सरकतं, आणि अधूनमधून उत्तर-दक्षिण उलटही होतं. शेवटची उलथापालथ साधारण ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीची. हॅलीने जी सुई सरकताना पाहिली, तिच्यामागचं कारण हे.

अनवट

जरा अवांतर. पृथ्वीला आरपार बोगदा पाडून उडी मारली तर?

लंबक

पृथ्वी सारख्या घनतेची धरली तर पलीकडे पोहोचायला ४२ मिनिटं. खरी घनता घातली की ३८ च्या आसपास. गंमत अशी की खाली जाताना गुरुत्व लगेच कमी होत नाही. गाभ्याच्या सीमेपर्यंत ते जवळपास तेवढंच राहतं, सीमेवर तर थोडं वाढून (पृष्ठभागावरच्या ९.८ वरून) १०.७ होतं, मग शून्याकडे जातं. वाचलेल्या चार मिनिटांचं श्रेय गाभ्याच्या जडपणाला. (हवा काढून टाकायला विसरू नका. आणि ध्रुवावरूनच उडी मारा, नाहीतर पृथ्वीच्या फिरण्यामुळे भिंतीवर घासत जाल.)

तिरका डोळा

शेवटचा आक्षेप. हे सगळं एकाच ग्रहावर जुळवलेलं आहे. उत्तर माहीत झाल्यावर पुरावे जुळवणं सोपं असतं. पद्धत दुसरीकडे लावून दाखवा.

रेघोट्या

लावली आहे. इनसाइट यान नोव्हेंबर २०१८ मध्ये मंगळावर उतरलं, सोबत भूकंपमापक. एकच यंत्र, त्यामुळे हाल झाले, पण एकाच भूकंपाच्या वेगवेगळ्या लहरींच्या वेळा आणि दिशा यांवरून काम काढलं. २०२१ मध्ये गाभ्याची त्रिज्या आली सुमारे १,८३० किलोमीटर. यात अडचण झाली: एवढा मोठा गाभा म्हणजे तो फार हलका, इतकी हलकी मूलद्रव्यं घालायची कुठून? म्हणजे पुन्हा कच्च्या मालाचा हिशेब लागेना. २०२३ मध्ये उलगडलं की गाभ्याच्या वर वितळलेल्या दगडाचा सुमारे दीडशे किलोमीटर जाडीचा थर आहे आणि तोच गाभ्यात धरला जात होता. तो वेगळा काढल्यावर गाभा १,६५०-१,६७५ वर आला आणि घनता पटण्यासारखी झाली. लहरींनी सीमा दिली, अर्थ लावायला अशनींचं रसायन लागलं. कोलात जे घडलं तेच, फक्त इथे उलगडा खणल्याशिवाय झाला.

तिरका डोळा

हे चांगलं आहे. चंद्राचं काय? तिथे तर माणसं जाऊन आली.

चकमक

अपोलोच्या मोहिमांनी ठेवलेले भूकंपमापक १९७७ पर्यंत चालले, मग बंद केले. गाभा तेव्हाच्या नोंदींत नीट दिसला नव्हता, कारण चंद्रावर लहरी फार विखुरतात आणि तासभर घुमत राहतात. २०११ मध्ये त्याच जुन्या नोंदी नव्या गणिताने एकावर एक रचून पाहिल्या, तेव्हा द्रव बाह्यगाभा आणि त्याच्या आत घन गाभा यांवरून परतलेल्या लहरी वेगळ्या काढता आल्या. चंद्राचा गाभा अगदीच लहान आहे, त्रिज्या साडेतीनशे किलोमीटरच्या आत-बाहेर. तो इतका लहान का, यावर वेगळा धागा काढावा लागेल. टकरीतून चंद्र जन्मला हे प्रकरण मोठं आहे. धूमकेतू, तुम्ही काढता का?

धूमकेतू

काढतो. आठवडाभर द्या.